‘सोशिक’ हा शब्द बाजूला ठेवून मरियमकडे पाहताना

मुलुंडच्या एका वाचक मंडळाच्या संयोजक बाईंनी मला काही प्रश्न पाठवले आहेत. त्यांच्या मंडळात नऊ जणी आहेत, बहुतेकींनी साठी ओलांडली आहे, आणि या वेळी त्यांनी खालिद हुसैनी यांची अफगाणिस्तानात घडणारी ‘अ थाउजंड स्प्लेंडिड सन्स’ ही कादंबरी मराठी अनुवादातून वाचायला घेतली. पहिल्याच बैठकीत मते फुटली. एकीने पुस्तक निम्म्यावर मिटले आणि ‘हे मला सोसवत नाही’ असे सांगून टाकले. दुसरीने नायिका मरियमच्या सोशिकपणाला हात जोडले. तिसरीचे म्हणणे असे, की हे सगळे त्यांच्या धर्मातले आणि त्यांच्या देशातले आहे, आपला त्याच्याशी काय संबंध? यातला इतिहास कितपत खरा, चर्चा कोणत्या अंगाने न्यावी आणि निम्म्यावर थांबलेल्या मैत्रिणीचे काय करावे, असे बाईंनी विचारले आहे. मी अनेक वर्षे अनुवादाचे काम करते आहे आणि दादर-पार्ल्याच्या वाचनगटांबरोबर ही कादंबरी चार-पाच वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आहे. त्या अनुभवावरून लिहिते. कादंबरीचा शेवट या उत्तरात उघड होणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

सुरुवात दुसऱ्या बाईंपासून करते, कारण माझ्या मते गोंधळाचे मूळ तिथेच आहे. ‘सोशिक’ हे मराठीत बाईचे मोठे कौतुक समजले जाते. सून सोशिक, आई सोशिक, मोठी जाऊ सोशिक. पुरुषाला कोणी सोशिक म्हटले, तर त्यात थोडी कीवच असते. आता कादंबरीत हा शब्द कोणाच्या तोंडी येतो ते पाहा. मरियमची आई नाना ही हेरातमधल्या एका धनिकाच्या घरची मोलकरीण. (आमच्या एका गटात एक बाई पहिली दहा पाने नानाला पुरुष समजून वाचत होत्या, मराठी घरात ‘नाना’ म्हटल्यावर दुसरे काय डोळ्यांसमोर येणार?) मालकापासून दिवस गेल्यावर तिला गावाबाहेर एका खोपटात नेऊन ठेवले जाते आणि तिथेच मरियम वाढते. मुलगी शाळेत जायचे म्हणते, तेव्हा नाना सांगते, की तुझ्यामाझ्यासारख्यांना एकच विद्या लागते, तहम्मुल; म्हणजे सोसणे. उर्दू कानावरून गेलेल्या मुंबईकराला हा शब्द अनोळखी नाही. ही शिकवण देणारी आई काही पानांनंतर स्वतः गळफास घेते. सोसण्याची महती सांगणाऱ्या बाईलाच सोसणे पुरत नाही, हे लेखकाने इतक्या लवकर का दाखवले असेल, एवढाच प्रश्न मंडळात विचारावा आणि गप्प बसावे.

पुढची जवळजवळ दोनतृतीयांश कादंबरी म्हणजे त्या शिकवणीची परीक्षा आहे. पंधराव्या वर्षी मरियमचे लग्न पंचेचाळिशीच्या आसपासच्या रशीदशी लावले जाते. एकामागून एक सात वेळा तिचा गर्भ राहत नाही. भात नीट शिजला नाही म्हणून नवरा तिला खडे चावायला लावतो आणि तिच्या दाढा तुटतात. ती सोसते. सोसून काय हाती लागते? मार कमी होत नाही, मान वाढत नाही, नवरा वयाबरोबर निवळत नाही. सोसणाऱ्या बाईला शेवटी न्याय मिळतो, ही आपल्या कथा-कीर्तनांतून आणि नंतर मालिकांतून रुजलेली समजूत ही कादंबरी मुळातूनच नाकारते. मरियम बदलते ती सोसल्यामुळे बदलत नाही. सवत म्हणून आलेली लैला एका रात्री रशीदचा पट्टा उगारलेला हात धरते आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मरियमची बाजू घेऊन उभे राहते, तिथून ती बदलते. त्यानंतर आपल्या न जन्मलेल्या बाळांसाठी शिवून ठेवलेले कपडे ती लैलाच्या दाराशी ठेवून जाते. या प्रसंगाला मी ‘तग धरणे’ म्हणेन. सोसणे एकटीने, आतल्या आत चालते. तग धरायला मात्र पुढे काहीतरी दिसावे लागते आणि सहसा दुसरे एक माणूस लागते.

सवतीच्या नात्याबद्दल आपल्याकडच्या बायकांना फार समजावून सांगावे लागत नाही. जात्यावरच्या ओव्यांत सवतीची सल भरपूर आहे, आणि तो फार जुना काळही नव्हे. हिंदू पुरुषाला दुसरी बायको करण्यास मुंबई प्रांतात कायद्याने बंदी झाली ती १९४६ साली. म्हणजे मंडळातल्या साठी ओलांडलेल्या बायकांच्या आज्यांच्या काळात घरात दोन बायका असणे कायद्याला मान्यच होते. एखादीने आपल्या आजीच्या सवतीची आठवण काढली तर तिला थांबवू नये. तिसऱ्या बाईंच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या आठवणीतच मिळते.

उरलेल्या निम्म्यासाठी मी प्रत्येक गटाला एक साधी गोष्ट करायला सांगते. एक मोठा कागद घ्यावा, मधोमध रेघ ओढावी, डावीकडे सालानुसार देशात काय घडले ते लिहावे आणि उजवीकडे त्या साली मरियम किंवा लैलाच्या घराचे दार कोणाच्या हातात होते ते लिहावे. दोन्ही रकान्यांत सारखेच चित्र उमटेल, देशाचे दिवस बरे तेव्हा दार उघडे आणि देश बिघडला की दार बंद, असे आपल्याला आधी वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही.

मरियमचा जन्म १९५९चा. त्याच वर्षी काबूलमध्ये राजघराण्यातल्या आणि मंत्र्यांच्या घरच्या स्त्रिया एका सरकारी समारंभात बुरख्याशिवाय दिसल्या, १९६४च्या राज्यघटनेने स्त्रियांना मताचा हक्क दिला, आणि १९७३ साली दाऊद खान यांनी राजाला हटवून प्रजासत्ताक आणले. म्हणजे १९७४ साली मरियम लग्न होऊन काबूलला येते, तेव्हा तिथल्या रस्त्यांवर उघड्या डोक्याने नोकरीला जाणाऱ्या बायका आहेत आणि कोणत्याही कायद्याने बुरख्याची सक्ती केलेली नाही. तरी रशीद तिला बुरखा घालायला लावतो. तालिबान काबूलमध्ये आले २७ सप्टेंबर १९९६ला. मरियमच्या बाबतीत त्यांचा हुकूम तिच्या नवऱ्याने बावीस वर्षे आधीच अमलात आणला होता. ही एक नोंद कागदावर नीट उतरली, की ‘सगळे तालिबानमुळे’ हे वाक्य मंडळात पुन्हा कोणी फारसे उच्चारत नाही.

लैलाची नोंद याहून अडचणीत टाकणारी आहे. तिचा जन्म २७ एप्रिल १९७८च्या रात्रीचा, म्हणजे कम्युनिस्टांनी सत्ता घेतली त्याच रात्रीचा. १९७९च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा आल्या आणि १५ फेब्रुवारी १९८९ला शेवटची तुकडी परतली. या दहा वर्षांत खेड्यांवर बॉम्ब पडत होते आणि ५० लाखांहून अधिक माणसे पाकिस्तानात आणि इराणात निर्वासित झाली. त्याच दहा वर्षांत काबूल शहरात मुली पूर्वीपेक्षा मोठ्या संख्येने शाळा-कॉलेजांत जात होत्या. लैलाचे वडील तिला हेच सांगतात, आणि तिचे दोन भाऊ मात्र त्याच राजवटीविरुद्ध लढताना मरतात. एकाच घरात ही दोन्ही सत्ये जेवायला बसलेली आहेत. वाचकाला कोणा एका बाजूला टाळ्या वाजवता येऊ नयेत याची लेखकाने इथे घेतलेली काळजी मला फार मोलाची वाटते.

एप्रिल १९९२ला सोव्हिएतांच्या आधारावर उभे राहिलेले नजीबुल्ला यांचे सरकार पडले आणि सोव्हिएतांविरुद्ध लढलेले मुजाहिदीनांचे गट काबूलवरून आपसात लढू लागले. हा काळ आपल्याकडे सर्वांत कमी ठाऊक असलेला, पण कादंबरीत सर्वांत जास्त जीव घेणारा आहे. लैलाचे आईवडील याच काळात रॉकेटने मरतात आणि चौदा वर्षांची पोरकी, गरोदर मुलगी साठी उलटलेल्या रशीदची दुसरी बायको होते. मुंबईतल्या गटांना हे महिने समजावून सांगताना मी त्यांना १९९२चा डिसेंबर आणि १९९३चा जानेवारी आठवायला सांगते. दंगलीचे ते दिवस आणि काबूलची चार वर्षे यांची बरोबरी मला करायची नाही, ती होणारही नाही. पण संचारबंदी, अफवा, कोणत्या गल्लीतून जायचे आणि कोणत्या नाही, लोकलने निघालेला माणूस संध्याकाळी घरी पोहोचला की नाही याची मोजदाद, हे ज्यांनी दोन महिने अनुभवले आहे, त्यांना चार वर्षे म्हणजे काय याचा निदान अंदाज बांधता येतो.

आता कागदावरची, मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी नोंद. १९९४च्या वसंतात दोघी बायका बाळ घेऊन पळायला निघतात. बसस्थानकावर पकडल्या जातात, आणि पोलीस अधिकारी लैलाचे सगळे ऐकून घेऊन सांगतो, की घरगुती बाबीत आम्ही पडत नाही. त्यांना त्याच दाराच्या आत परत नेऊन सोडले जाते. तालिबान यायला अजून दोन वर्षे आहेत. घरातून पळणे हा बाईचा गुन्हा आणि घरात नेऊन तिला मारणे ही खासगी बाब! पुढे मरियम तुरुंगात जाते, तेव्हा तिच्या कोठडीतल्या बाकीच्या बायका चोरी किंवा खून करून आलेल्या नसतात. घर सोडून पळाल्या, एवढाच त्यांचा अपराध असतो.

‘आपला काय संबंध’ म्हणणाऱ्या बाईंना इथे मुंबईचाच एक खटला सांगावा. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लागले, पण त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलानंतर तो पुन्हा चालला आणि १८८७च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा. रखमाबाईंनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखवली. शेवटी १८८८ साली २००० रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला, आणि रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन परतल्या. नांदायला यावे म्हणून जोडीदारावर दावा लावण्याची तरतूद १९५५च्या हिंदू विवाह कायद्यातही कलम ९ म्हणून आलेली आहे. या दोन गोष्टी एक आहेत असे मी म्हणत नाही. रखमाबाईंच्या पाठीशी त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन होते, वर्तमानपत्रे होती, चळवळ होती. मरियमच्या पाठीशी जन्मदात्यानेही उभे राहायचे नाकारले. फरक कुठे पडला हे शोधणे हेच चर्चेचे काम आहे, आणि ‘त्यांचा धर्म’ हे उत्तर त्या कामाला पुरत नाही.

इतिहासाच्या खरेपणाबद्दल याहून फार लिहायला नको. पात्रे कल्पित आहेत, पण त्यांच्याभोवतीचा कालपट विश्वासार्ह आहे. काबूलमधल्या स्त्रियांवरील उपचार १९९७च्या सप्टेंबरात एकाच रुग्णालयापुरते मर्यादित करण्याचा तालिबानचा हुकूम खरा आहे. लैलाचे भूल न देता पोट फाडून बाळंतपण होते तो प्रसंग त्याच काळातला. काबूलच्या गाझी स्टेडियममध्ये लोकांसमोर देहदंड दिला जात असे, हेही खरे. नोव्हेंबर १९९९मध्ये एका स्त्रीला तिथे नवऱ्याच्या खुनासाठी गोळी घातली गेली. मार्च २००१मध्ये बामियानच्या बुद्धमूर्ती उडवल्या गेल्या, आणि लैला लहानपणी त्या मूर्तीच्या माथ्यावर चढून गेली होती, हे वाचकाला तेव्हा आठवावे अशी लेखकाची योजना आहे.

भाषेच्या दोन जागा मात्र अनुवादातून वाचणाऱ्यांनी सांभाळाव्यात. कादंबरी सुरू होते ती पाच वर्षांच्या मरियमला ‘हरामी’ हा शब्द पहिल्यांदा ऐकू येतो तिथून. मुंबईत हा शब्द इतका सैल झाला आहे, की गर्दीच्या लोकलमध्ये मित्र मित्राला प्रेमाने हरामी म्हणतो. त्यामुळे मराठी वाचकाला ती आईच्या तोंडची रागातली शिवी वाटते आणि तो पुढे जातो. तिथे मात्र ती जन्माची मोहोर आहे. ज्या मुलीला वडिलांच्या घरात जागा नाही, जिचे अस्तित्वच बेकायदा आहे, तिला दिलेले ते नाव आहे. शेवटी मरियम मृत्यूला सामोरी जाताना याच शब्दाकडे परत वळते, म्हणून पहिल्या पानावर तो जड राहिला पाहिजे. दुसरी जागा बुरख्याची. आपल्याला महंमद अली रोडवरचा काळा बुरखा डोळ्यांसमोर येतो, ज्यात निदान डोळे मोकळे असतात. अफगाणी बुरखा बहुधा निळा, डोक्यावरून खाली सोडलेला, आणि डोळ्यांपुढे विणलेली जाळी असलेला. मरियम पहिल्यांदा तो घालून अडखळते, तिला बाजूचे दिसत नाही, याचे कारण ती जाळी आहे. एका गटात मी डोळ्यांपुढे पुरणाची चाळणी धरून खोलीत फिरायला सांगितले होते. थोडी हसाहस झाली, आणि मग झाली नाही.

पुस्तकाचे दोषही मंडळात बोलले जावेत. योगायोग पुष्कळ आहेत. रशीदला पहिला मुलगा बुडून गेल्याचे दुःख दिले आहे, पण ते लवकरच विसरले जाते आणि तो निव्वळ खलनायक उरतो. त्याला थोडा अधिक माणूस केला असता तर तो अधिक भीतीदायक झाला असता. लेखक पुरुष आहे, वयाच्या अकराव्या वर्षी त्याने काबूल सोडले, १९८०पासून तो अमेरिकेत राहिला आणि इंग्रजीत लिहितो. याने पुस्तक खोटे ठरत नाही. पण अफगाण बायकांचे दुःख हे अमेरिकेच्या युद्धाचे एक समर्थन म्हणूनही वापरले गेले. नोव्हेंबर २००१मध्ये अध्यक्षांच्या पत्नीने त्यासाठी रेडिओवरून भाषण केले होते. बाहेरून आलेला सैनिक बाईला सोडवतो, अशी गोष्ट ऐकायला पश्चिमेचे कान उत्सुक होते. या कादंबरीत मात्र लैलाला सोडवते ती मरियम, अंगणातून आणलेल्या फावड्याने रशीदला ठार मारून. त्या क्षणी तिच्या मनात येते, की आपल्या आयुष्याचा निर्णय आपण आज पहिल्यांदा घेतो आहोत. नंतर ती लैलाला आणि मुलांना जायला लावते आणि स्वतःला हवाली करते. मंडळात इथे ‘त्याग’ हा शब्द हमखास येईल. मला तो पटत नाही. ती हिशोब चुकता करते आहे असे मला वाटते, आणि ज्या बाईला कधी काही मिळालेच नव्हते, तिच्याकडे शेवटी देण्यासारखे काही जमले होते, हे त्या हिशोबातले खरे आश्चर्य आहे. एका गटात यावरून माझे आणि एका निवृत्त मुख्याध्यापिकेचे असे वाजले, की ग्रंथालयाची वेळ संपून शिपाई दिवे मालवू लागला. तुमच्याही मंडळात एकमत झाले नाही तर बिघडत नाही.

शेवटच्या भागाविषयी एक सूचना. कादंबरी २००७ साली प्रसिद्ध झाली आणि तिचा शेवट २००३च्या काबूलमध्ये, लैला शिकवते त्या अनाथाश्रमाच्या वर्गात होतो. तेव्हा वाचणाऱ्यांना तो उजेड वाटला. आज वाचणाऱ्याला ठाऊक असते, की १५ ऑगस्ट २०२१ला तालिबान काबूलमध्ये परतले, मार्च २०२२मध्ये उघडलेल्या शाळांतून मोठ्या मुलींना त्याच सकाळी घरी पाठवले गेले आणि डिसेंबर २०२२मध्ये विद्यापीठांची दारेही बंद झाली. सहावीनंतर मुलींना शाळा नाही, अशी ती आजची व्यवस्था आहे. लैलाची मुलगी अझीझा खरी असती, तर २०२१ साली तिशीच्या उंबरठ्यावर असती, कदाचित एखाद्या मुलीची आई. कागदावरच्या दोन रकान्यांत या तारखाही लिहाव्यात, आणि उजवीकडची जागा मोकळी सोडावी.

निम्म्यावर थांबलेल्या मैत्रिणीला मात्र ‘थोडे सोस, पुढे चांगले आहे’ असे कोणी सांगू नये. ते खरेही नाही, आणि नानाची शिकवण आपणच पुढे चालवल्यासारखे होईल. तिने न वाचता बैठकीला यावे. त्या दिवशी मधलीच चार पाने मोठ्याने वाचावीत: मरियम आणि लैला पहिल्यांदा अंगणात घडीच्या खुर्च्या टाकून चहा घेतात, एकाच वाडग्यातून बोटांनी हलवा खातात, दूर डोंगरात गोळीबार चालू असतो, आणि तिसरा कप हवा का असे विचारल्यावर मरियम हो म्हणते. पुढे वाचायचे की नाही, हे त्या मैत्रिणीचे तिने ठरवावे. तोवर बाकीच्यांनी तिच्यासमोर शेवट काढू नये. आणि त्या दिवशी खाण्याची व्यवस्था करणार असाल, तर ‘हलवा’ या शब्दावरून संक्रांतीचा काटेरी हलवा किंवा गाजराचा हलवा आणू नका. काबूलचा हलवा आपल्या शिऱ्याच्या बराच जवळचा असतो, तेव्हा तोच करा.